ओसरीतली भाषा

फिनलंडच्या विद्यापीठात इंग्रजीतून शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी दोन भाषांच्या मधल्या उंबरठ्यावर राहतो. वर्ग, प्रयोगशाळा, परीक्षा आणि विद्यापीठाकडून येणारी पत्रे इंग्रजीत असतात. जिन्यातल्या सूचना, दुधाच्या खोक्यावरची अक्षरे, शेजाऱ्यांच्या गप्पा आणि ट्रॅममध्ये आजी नातवाला दटावते ते शब्द फिनिश असतात. जुन्या मराठी घरात पाहुण्याला ओसरीवर बसवत, गूळपाणी देत, आस्थेने चौकशी करत. घराचा खरा कारभार मात्र आत माजघरात चाले. फिनलंडमध्ये इंग्रजी ही ओसरीची भाषा आहे. ओसरी ऐसपैस आहे, उबदार आहे आणि तिथे पाच वर्षेसुद्धा आरामात काढता येतात. म्हणूनच माजघराचे दार कुठे आहे, हे पुष्कळांना उशिरा कळते.

ही ओसरी बांधली गेली ती अलीकडेच. देशाची लोकसंख्या सुमारे ५६ लाख, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्याहून कमी. संविधानाने फिनिश आणि स्वीडिश या दोन राष्ट्रभाषा मानल्या आहेत. स्वीडिश मातृभाषा असलेले लोक साधारण पाच टक्के. पहिले विद्यापीठ १६४० साली तुर्कू शहरात स्थापन झाले. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि विद्येची भाषा लॅटिन होती. १८२७ च्या आगीत तुर्कू जळाले आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठ हेलसिंकीला हलले. लॅटिन मागे पडत गेली तशी तिची जागा स्वीडिशने घेतली. बहुसंख्यांची फिनिश शेतात आणि स्वयंपाकघरातच राहिली. १९२० साली तुर्कूत संपूर्ण फिनिश भाषेचे विद्यापीठ उभे राहिले, ते २२,०४० लोकांनी दिलेल्या देणग्यांतून. हेलसिंकी विद्यापीठात फिनिशला मुख्य भाषेचे स्थान मिळायला १९३७ चा कायदा यावा लागला. आपली भाषा विद्यापीठाच्या आत न्यायला ज्या समाजाला जवळजवळ तीन शतके लागली, त्यानेच पुढे शतक सरायच्या आत इंग्रजीसाठी दार उघडले.

त्यामागची कारणे व्यवहारी होती. १९९२ मध्ये फिनलंड युरोपच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या एरास्मुस योजनेत आला. काही महिन्यांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना फिनिशमधून शिकवणे शक्यच नव्हते, म्हणून इंग्रजी अभ्यासक्रम सुरू झाले. पुढे पूर्ण पदव्याही इंग्रजीत मिळू लागल्या. देशातली मुले प्राथमिक शाळेपासून इंग्रजी शिकतात. दूरचित्रवाणीवरचे परदेशी कार्यक्रम मूळ भाषेत लागतात आणि खाली फिनिश ओळी येतात, त्यामुळे इंग्रजी लहानपणापासून कानावर पडलेली असते. २०१७ पासून युरोपीय संघ व त्याच्या आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांना पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासासाठी शुल्क द्यावे लागते. सुरुवातीला कायद्याने ठरवलेली किमान रक्कम वर्षाला १,५०० युरो होती, प्रत्यक्षात विद्यापीठे त्याच्या कितीतरी पट घेतात. या नियमात एक बारीक गोष्ट आहे. शुल्क इंग्रजी अभ्यासक्रमालाच लागते. त्याच विद्यापीठात तीच पदवी फिनिशमधून किंवा स्वीडिशमधून घेणाऱ्याला, तो कोणत्याही देशाचा असो, फी नाही. ओसरीला भाडे आहे, माजघर फुकट आहे; फक्त आत जायला जी किल्ली लागते ती शिकायला काही वर्षे जातात.

विद्यार्थी ऑगस्टच्या शेवटी पोहोचतो. या दिवसांत संध्याकाळी आठ वाजताही उजेड असतो, त्यामुळे देशाची पहिली ओळख जरा फसवीच होते. पहिले काम कागदपत्रांचे. लोकसंख्या नोंदवहीत नाव चढले की एक ओळख क्रमांक मिळतो. त्यात आधी जन्मतारखेचे सहा आकडे, मग शतक सांगणारे चिन्ह आणि शेवटी चार अक्षरांकांची शेपटी असते. १९०० ते १९९९ मध्ये जन्मलेल्यांच्या क्रमांकात मध्ये सहसा आडवी रेघ येते, त्यानंतरच्यांच्या क्रमांकात सहसा 'ए' हे अक्षर. हा क्रमांक नसेल तर बँकेत खाते उघडणे, फोनची जोडणी घेणे, पगार घेणे, सगळेच अडते. बँकेचा सांकेतिक शब्द मिळाला की त्याच्याच आधारे दवाखान्यापासून करखात्यापर्यंत सगळीकडे संगणकावरून ओळख पटवता येते. रांग नाही, साहेबाची सही नाही, झेरॉक्स नाही. इथवर सगळे इंग्रजीत सुरळीत पार पडते आणि फिनिशची गरज नाही अशी विद्यार्थ्याची खात्री होते.

ती खात्री किराणा दुकानात डळमळते. मालाच्या वेष्टनावरचा मजकूर फिनिश आणि स्वीडिश अशा दोन भाषांत छापणे बंधनकारक आहे. इंग्रजीवर तशी सक्ती नाही. दुधाच्या कपाटात एकाच आकाराचे खोके ओळीने उभे असतात. लाल म्हणजे साईचे दूध, निळे कमी स्निग्धांशाचे, फिकट निळे बिनसाईचे. त्यांच्याच शेजारी तशाच खोक्यात 'पीमा' नावाचा पदार्थ असतो. नवा विद्यार्थी तो उचलतो, खोलीवर येतो, आले ठेचून चहा उकळतो आणि त्यात पीमा ओततो. क्षणात चहा फाटतो, भांड्यात चोथा आणि पाणी वेगळे होते. पीमा म्हणजे ताक. पंधरा-वीस ठळक शब्द त्या संध्याकाळीच पाठ केले जातात आणि त्यांत दुधाला 'माइतो' म्हणतात हा पहिला असतो. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत या फजितीचा शेवट गोड होतो, कारण उरलेल्या पीमाला मिरची-कोथिंबीर आणि जिऱ्याची फोडणी दिली की मठ्ठा होतो. हेलसिंकीच्या हाकानिएमी भागातल्या आशियाई दुकानांत तूरडाळ आणि पोहेही मिळतात. म्हणजे पोटाचा प्रश्न भाषेच्या प्रश्नाहून लवकर सुटतो.

राहण्याची सोय विद्यार्थी-निवास संस्था करतात. हेलसिंकी परिसरातली अशी संस्था १९६९ पासून काम करते. इतर विद्यापीठ-शहरांतही अशा संस्था आहेत. स्वतःची खोली आणि दोघातिघांत मिळून स्वयंपाकघर, ही नेहमीची रचना. दारावर आडनावाची पाटी असते. घरात शिरताना पादत्राणे दाराशी काढतात, आणि ही गोष्ट युरोपातल्या अनेक देशांहून आलेल्यांना सांगावी लागते, मराठी मुलांना नाही. संडासात भिंतीला पाण्याची छोटी हातफवारणी टांगलेली असते. भारतीय विद्यार्थी ती पाहून सुटकेचा जो निःश्वास टाकतो त्याची कल्पना फिनिश माणसाला येणार नाही. भांडी घासायच्या मोरीवर एक कपाट असते. त्याचे दार उघडले की आत फळ्यांच्या जागी तारांच्या जाळ्या दिसतात आणि कपाटाला तळ नसतो. घासलेले ताट ओलेच आत उभे ठेवायचे, पाणी खाली मोरीत निथळते, दार लावले की पसारा दिसेनासा होतो. माइयू गेब्हार्ड या गृहविज्ञानाच्या अभ्यासक बाईंनी १९४० च्या दशकात घरकामातले कष्ट मोजून या कपाटाची घडण पक्की केली. भांडी पुसण्याचे काम त्यांनी सबंध देशाच्या डोक्यावरून उतरवले. हा देश थोडे बोलून पुष्कळ करतो, याचा असा पुरावा रोज सकाळ-संध्याकाळ हाताला लागतो.

इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची यंत्रे आणि सौना असते. दोन्हींसाठी पाळ्या ठरलेल्या असतात आणि ठरल्या वेळेच्या आत आपले ओले कपडे काढून घेणे हा अलिखित सभ्यपणाचा भाग असतो. ५६ लाखांच्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत असे मानले जाते. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. सौनातली उष्णता सहसा ७० ते ९० अंश सेल्सिअस. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकले की चर्र आवाज होतो आणि वाफ अंगावर येते. त्या वाफेला 'लोयल्यू' असा स्वतंत्र शब्द आहे. सौनात कोणी कोणाला पदवी विचारत नाही, आणि गप्प बसलेला माणूस रागावलेला आहे असेही कोणी समजत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ही जागा लवकर मानवते, कारण इथे कोणतीच भाषा लागत नाही.

अभ्यासाची शिस्तही त्याच अबोल स्वभावाची आहे. वर्षाला ६० श्रेयांक मिळवायचे. एका श्रेयांकामागे सुमारे २७ तासांचे काम धरलेले असते आणि त्यातले बरेचसे वर्गाबाहेर स्वतःच्या जबाबदारीवर करायचे असते. गुण शून्य ते पाच. नापास झाल्याचा गाजावाजा होत नाही. परीक्षा पुन्हा देता येते. वेळापत्रकात नऊ लिहिले असेल तर अनेक ठिकाणी तास सव्वानऊला सुरू होतो. हा जुना 'शैक्षणिक पाव तास' पाळला जातो तो काटेकोरपणे. नऊ वाजून सोळा मिनिटांनी आलेला उशिरा आला असेच समजतात. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची. 'सर' आणि 'मॅडम' म्हणत वाढलेल्या मुलाची जीभ इथे अडखळते. पहिले काही महिने तो नावच टाळून, नुसत्या 'हॅलो'ने पत्राची सुरुवात करतो.

दुपारचे जेवण हा विद्यार्थिजीवनातला समतेचा तास म्हणता येईल. सामाजिक विमा संस्था प्रत्येक जेवणामागे अनुदान देते, त्यामुळे सुमारे तीन युरोत पूर्ण ताट मिळते: कोशिंबीर, मुख्य पदार्थ, बटाटे, राय धान्याची काळी, भाकरीसारखी चिवट पोळी आणि दूध किंवा पाणी. शुल्क भरणारा परदेशी आणि न भरणारा स्थानिक एकाच रांगेत एकाच दरात जेवतात. गुरुवारी वाटाण्याचे घट्ट सूप आणि त्यानंतर धिरड्यासारखे गोड पॅनकेक, ही प्रथा देशभर आहे. हेलसिंकी विद्यापीठाच्या विद्यार्थी उपाहारगृहांनी फेब्रुवारी २०२० पासून गोमांस बंद केले. निर्णयामागे धर्माचा संबंध नव्हता, हवामानबदलाची चिंता होती. ताट, चमचे आणि उरलेले अन्न ज्याचे त्याने वेगळे करून ठेवायचे असते.

मग ऋतू पालटतो. हेलसिंकी साठ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथला दिवस सहा तासांपेक्षा लहान होतो. त्याहून उत्तरेच्या औलू शहरात तो साधारण साडेतीन तासांवर येतो, आणि अगदी उत्तरेच्या उत्स्योकीत नोव्हेंबरअखेर मावळलेला सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. सकाळी तासाला जाताना अंधार आणि घरी परतताना अंधार. या दिवसांत अंगरख्याच्या खिशातून दोरीने लोंबणारा एक लहानसा चकचकीत परावर्तक प्रत्येकाच्या मांडीशी डुलताना दिसतो. गाडीचा उजेड पडला की तो लखकन चमकतो आणि चालकाला माणूस दिसतो. अंधारात चालताना तो लावणे कायद्यातही सांगितलेले आहे. पहिल्या हिवाळ्यात विद्यार्थ्याच्या हातात कोणीतरी असा परावर्तक ठेवते, फारसे न बोलता. 'दिसशील असा चाल' एवढाच त्याचा अर्थ, आणि या देशात माया बहुधा अशीच व्यक्त होते. ६ डिसेंबरला स्वातंत्र्यदिनी खिडक्यांत दोन-दोन मेणबत्त्या लागतात आणि हेलसिंकीत विद्यार्थी मशाली घेऊन हिएतानिएमीच्या दफनभूमीपासून सेनेट चौकापर्यंत चालतात. १९५१ मध्ये सुरू झालेल्या या मिरवणुकीत परदेशी विद्यार्थीही सामील होतात. जूनमध्ये हिशोब उलटतो. दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा होतो आणि झोपायला जाड पडदे लागतात.

याच काळोख्या महिन्यांत भाषेचा प्रश्न खरा पुढे येतो. फिनिश ही युरोपातल्या बहुतेक भाषांशी नाते नसलेली भाषा आहे. एस्टोनियन तिची जवळची बहीण आणि हंगेरियन दूरची. तिला पंधरा विभक्ती आहेत हे ऐकून इंग्रजी बोलणारे घाबरतात. मराठी माणसाला घाबरायचे तितके कारण नाही. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' म्हणजे घरातून. मराठीत 'घरात आहे' आणि 'घरात गेला' दोन्हीकडे एकच 'घरात' चालते. फिनिशमध्ये जाताना 'तालोन' होते. प्रत्यय लागताना मूळ शब्दाचे रूप पालटणेही ओळखीचे आहे. 'रस्ता'चे 'रस्त्यावर' होते तसे 'कातु'चे 'कादुल्ला' होते. 'पुणे'चे 'पुण्यात' तसे 'हेलसिंकी'चे 'हेलसिंगिस्सॅ'. 'तुलि' म्हणजे आग, 'तूलि' म्हणजे वारा, 'तुल्लि' म्हणजे जकात. रोमन लिपीतून शिकणारे या तिन्हींत गोंधळतात. देवनागरीत लिहून पाहिले तर फरक डोळ्यांना सरळ दिसतो. तो आणि ती यांना एकच शब्द आहे, त्यामुळे मराठीच्या तीन लिंगांचा भार इथे खाली ठेवता येतो. 'प्लीज'साठी शब्दच नाही, याचे इंग्रजीभाषकाला नवल वाटते. मराठीतही 'कृपया' पाटीवरच असते; घरात 'जरा मीठ देतेस का' यातच आर्जव येऊन जाते. फिनिश माणूसही कॉफी मागताना 'साइसिन्को', म्हणजे 'मिळेल का', असेच म्हणतो. पुस्तकातली आणि बोलण्यातली भाषा मात्र वेगळी. वर्गात शिकलेले 'मिनॅ ओलेन' रस्त्यावर 'मॅ ओन' होऊन बसते, जसे मराठीच्या पाठ्यपुस्तकातले 'केले' गावात 'केलं' होते.

भाषेच्या रचनेपेक्षा मोठी अडचण यजमानांच्या चांगुलपणाची आहे. विद्यार्थी दुकानात धीर एकवटून फिनिश वाक्य जुळवतो. समोरची मुलगी त्याची ओढाताण पाहते आणि हसून स्वच्छ इंग्रजीत उत्तर देते. हेतू मदतीचा असतो आणि परिणाम दार लोटल्यासारखा होतो. मराठी विद्यार्थ्याला हा अनुभव ओळखीचा वाटायला हवा, कारण तो त्याच्याच घरचा आहे. पुण्या-मुंबईत परप्रांतातल्या किंवा परदेशातल्या कोणी मोडकी मराठी बोलायला घेतली की मराठी माणूस सौजन्याने हिंदीत किंवा इंग्रजीत शिरतो, आणि नंतर 'वर्षानुवर्षे राहून यांना मराठी येत नाही' म्हणून कुरकुरतो. त्या सौजन्याची दुसरी बाजू कशी दिसते, हे हेलसिंकीच्या दुकानात उभे राहिल्यावर कळते. उपाय साधा आहे. 'पुहुतान सुओमेआ', म्हणजे 'फिनिशच बोलू या', एवढे म्हटले की समोरचा माणूस थांबतो, वेग कमी करतो आणि चेहऱ्यावर उजळ भाव येतो. सार्वजनिक ग्रंथालयांत यासाठी भाषा-कॅफे भरतात. संसद भवनासमोर डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेल्या ओदी या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांबरोबरच शिलाई यंत्रे, वाद्ये आणि बोलायला आलेली माणसे असतात.

विद्यार्थ्यांची स्वतःची संस्कृती ओसरी आणि माजघर यांच्या मधल्या दारासारखी आहे. प्रत्येक विषयाच्या विद्यार्थ्यांचा कामगारांसारखा अंगभर पोशाख असतो. रंग विषयावरून आणि शहरावरून ठरतो. कार्यक्रमाला गेले की कापडी बिल्ला मिळतो आणि तो पोशाखावर सुईदोऱ्याने शिवायचा असतो; गोंदाने चिकटवणाऱ्याला टोमणे ऐकावे लागतात. 'सित्सित' नावाच्या मेजवानीत लांब टेबलांभोवती बसून गाणी म्हणतात. घास तोंडात असतानाच कोणीतरी गाणे सुरू करतो आणि सगळ्यांना गीतपुस्तिका उघडावी लागते. बरीचशी गाणी फिनिश आणि स्वीडिश असतात. अर्थ न कळता परदेशी विद्यार्थीही सूर धरतो, आणि ज्या शब्दांचे व्याकरण येत नाही ते असे आधी तोंडात बसतात. ३० एप्रिलच्या संध्याकाळी हेलसिंकीत हाविस अमांदा या १९०८ सालच्या पुतळ्याच्या डोक्यावर पांढरी विद्यार्थी-टोपी चढवली जाते आणि 'वाप्पु' हा सण सुरू होतो. ती टोपी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची असते, म्हणून परदेशी विद्यार्थ्याजवळ सहसा ती नसते. बिल्ल्यांचा पोशाख मात्र असतो. दुसऱ्या दिवशी बागेत सतरंज्या पसरतात. लिंबू आणि साखर आंबवून केलेले 'सिमा' हे पेय पितात आणि पाकात न बुडवलेल्या जिलबीसारखी 'तिप्पालेइपॅ' खातात. सिमाच्या बाटलीत टाकलेले बेदाणे तळातून वर तरंगले की पेय तयार झाले असे समजायचे.

शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी पोटापाण्याचा विचार सुरू होतो. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला सरासरी तीस तास काम करता येते आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. संगणक आणि संशोधन क्षेत्रांत इंग्रजीवर निभावते. रुग्णालय, शाळा, पालिका आणि बहुतेक लहान कचेऱ्या यांच्या जाहिरातींत फिनिशची अट असते. फिनिश न येणाऱ्याच्या वाट्याला बहुधा साफसफाई आणि घरपोच जेवण पोहोचवण्याची कामे येतात. इंग्रजीने पदवी मिळते. त्या पदवीचे पुढे काय होणार हे पुष्कळदा फिनिश ठरवते.

माजघरात प्रवेश कोणत्या दिवशी झाला, हे सहसा सांगता येत नाही. त्याची एक खूण मात्र आहे. एप्रिल-मे महिन्यात बर्फ वितळले की इमारतीच्या दारावर एक कागद लागतो: शनिवारी सकाळी दहा वाजता अंगणात 'ताल्कोत'. गावकऱ्यांनी जमून एखाद्याचे शेत नांगरून द्यायचे आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचे, याला मराठीत इर्जिक म्हणतात. ताल्कोत ही त्याच जातीची गोष्ट आहे. इंग्रजीत त्याला नेमका शब्द नाही. पहिल्या वर्षी विद्यार्थी त्या कागदाशेजारून रोज जातो आणि त्याला काही कळत नाही. दुसऱ्या वर्षी फोन समोर धरून भाषांतर वाचतो, आणि शनिवारी त्याला काम असते. तिसऱ्या वर्षी तो कागद नुसता वाचतो. शनिवारी दहाला तो खाली उतरतो. कोणीतरी त्याच्या हातात दाताळे देते. हिवाळ्यात घसरू नये म्हणून टाकलेली बारीक खडी गवतात पसरलेली असते, ती ओढून गोळा करायची असते. तासाभराने विस्तवावर सॉसेज भाजले जातात, त्यांत हल्ली शाकाहारीही असतात, आणि थर्मासमधली कॉफी कागदी पेल्यांत येते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी त्याला काहीतरी विचारतात. त्याला निम्मे कळते, तो फिनिशमध्ये उत्तर देतो, आणि आजी इंग्रजीत बोलत नाहीत, कारण त्यांना ती येत नाही.